गोळीने उपास मोडतो का?

आपट्याच्या आरोग्य केंद्रातून निघालेली लाल गोळी गरोदर बाईच्या पोटात जाईपर्यंत वाटेत संकष्टी, एकादशी, गुरुवार असं बरंच काही लागतं. मी आशाताई. गोळी घरी पोचवायची आणि ती घेतली जाते ना हे बघायचं, हे माझं काम. ओटीवर टेकले की सासूबाई विचारतात, "ताई, हिची आज चतुर्थी. गोळी चालते ना उपासाला?"

माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून उत्तर धर्माचं हवं असतं. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आहे आणि फॉलिक ॲसिड आहे, अन्न नाही, असं सांगून सुटता येतं. पण गोळीच्या मागोमाग चहा जातो, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. दिवसभराला साबुदाणा, तो नुसता पिठूळ. उपास शाबूत, गोळीही घेतली, आणि अकराच्या वर हवं ते एचबी आठावरच.

खरं तर अडचण गोळीची नाहीच. व्रत म्हणजे आपल्याजवळचं आपणहून सोडणं. सगळ्यांचं आटोपल्यावर जिच्या पानात तळाची आमटी येते, तिने सोडायचं काय? आणि या दिवसांत ती जेवते ते एकटीचं नसतं. पोटातल्या जिवाने कुठे संकल्प सोडलाय?

शास्त्राचा आधार मागणाऱ्यांना मी मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगते. नव्या सुना, मुली, आजारी माणसं आणि गर्भिणी यांना पाहुण्यांच्याही आधी, फार विचार न करता जेवायला वाढावं, असं तिथे आहे. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या सत्याग्रहात हा ग्रंथ जाळला गेला, आणि तो जाळायच्याच लायकीचा होता असं माझं मत. त्यातलं बाईला दाबणारं तेवढं घरोघर पाळलं गेलं, नेमकं हे मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांना रक्त कमी निघालं. एवढ्या घरांत काही रोज पाहुणे नसतात. आधी जेवून उठतात ते घरचेच.

कातकरवाडीवर उपासाचं कुणी विचारत नाही. भात, असली तर सुकट, कोरा चहा. दिवाळी झाली की जोडपी वीटभट्टीवर जातात, गर्भारशीही जाते. तिच्या न जेवण्याला व्रत म्हणायची कुणाची छाती आहे? तिला मी सांगते, जवळा खा, मिळालं तर काळीज खा, गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे. दिंडीतल्या एका बुवांनी यावरून हटकलं, माळकरी असून मासळी खायला सांगता? म्हटलं, बुवा, माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही.

सासूबाईंशी असं तोडून बोलता येत नाही. त्यांना म्हणते, उपास तुम्ही धरा, पुण्य सुनेच्या नावावर सोडा. तिला भाकरी आणि माठाची भाजी वाढा. "आम्ही नाही का केले नऊ महिने सगळे वार?" त्या म्हणतात. मी त्यांची पापणी खाली ओढून बघते, तर आत पांढरंफटक. सोमवारी केंद्रावर या, रक्त तपासू, म्हटलं.

"सोमवारी नको," म्हणाल्या, "उपास असतो."