तीन लिटर

बोल्ट सैल झाला आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पहिली धार डब्यात पडली. मेस्त्रींनी धारेखाली बोट धरलं, अंगठ्यावर चोळून नाकाशी नेलं. "जळका वास नाही, ताई. नुसतं दमलंय." नवं तेल कोकमाच्या आगळासारखं लालभडक असतं. हे गूळ घालून उकळलेल्या काळ्या चहासारखं दिसत होतं.

गाडी 2005 सालची होंडा सीआर-व्ही. पेट्रोल, ऑटोमॅटिक, चारचाकी ओढीची. बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत तपासून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवली, ती पाच सरल्यावर आणखी एकदा. इंजिनचं तेल वेळच्या वेळी बदललं, पण गिअरबॉक्सचं नाही. दोन गॅरेजांत विचारलं होतं. दोन्हीकडे तेच उत्तर मिळालं: "ऑटोमॅटिकला हात लावू नका, चाललंय ते चालू द्या." मला ते कधीच पटलं नाही. घाटात हेच तेल तापतं, इंजिनची ताकद चाकांकडे नेतं, गिअर बदलणाऱ्या क्लचना दाब पुरवतं, वर वंगणही देतं. इतकं ज्याच्यावर टाकलंय त्याच्याकडे वीस वर्षं पाहायचंच नाही, ही काळजी कसली?

ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर काळपट करडा लेप बसला होता, काजळासारखा मऊ. मेस्त्रींनी तो बोटांत चोळून उजेडात धरला. कण टोचला असता, कपची निघाली असती, तर गोष्ट वेगळी होती. हा लेप म्हणजे वर्षानुवर्षांची साधी झीज. चुंबकानं ती मुकाट्यानं धरून ठेवली होती. चिंधीनं पुसल्यावर खालचा धातू चकाकला.

पण डब्यात तेल आलं तीनच लिटर. गिअरबॉक्समध्ये असतं सातच्या आसपास. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या नळ्यांत, आतल्या बारीक वाटांत अडकून राहतं. ते बोल्ट काढून येत नाही. मशीन लावून एकदम सगळं धुता येतं, पण मेस्त्री जुन्या गाडीला मशीन लावत नाहीत. तळाशी बसलेला गाळ उठला आणि एखाद्या बारीक वाटेत अडकला तर काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांची पद्धत हप्त्याहप्त्याची. तीन लिटर काढायचं, तीन घालायचं, दोनतीनशे किलोमीटर चालवायचं, परत यायचं. असं तीनदा.

मी हिशेब मांडला. पहिल्या वेळी शंभरातले साधारण 43 भाग नवे. दुसऱ्या वेळी 67, तिसऱ्या वेळी 81. कितीही वेळा केलं तरी शंभर होत नाही. आधी मला हे खुपलं. चांगलं महागाचं तेल आणायचं आणि जुन्यात ओतायचं! पहिले तीन लिटर तर बरेचसे मळ उचलण्यातच जाणार.

मग बाबांची खोली आठवली. गेल्या दिवाळीआधी एका रविवारी मी ती पूर्ण आवरून टाकली. नवं कपाट, औषधांचा नवा डबा, सगळं जागच्या जागी. चार दिवस बाबा एकेक वस्तू विचारत राहिले आणि मी एकेक वस्तू परत जुन्या जागी ठेवत गेले. औषधांचा डबा तेवढा राहिला. तो त्यांनी स्वीकारला.

मागच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं. ते मात्र एकाच वेळी बदलून झालं. त्या डिफरन्शियलची रचना मला फार आवडते. आत दोन पंप असतात, एक पुढच्या चाकांच्या गतीनं फिरतो, दुसरा मागच्या. दोघांची गती जुळते तोवर तेल नुसतं फिरत राहतं. गावाकडच्या लाल चिखलात पुढची चाकं नुसती गरगरली की दोन गतींत फरक पडतो, त्या फरकातून दाब तयार होतो, तो दाब क्लच आवळतो आणि मागची चाकं ओढायला लागतात. सगळं तेलाच्या दाबावर. हे तेल जुनं झालं की सोसायटीत पूर्ण वळण घेताना मागून कण्हल्यासारखा आवाज येतो. आमच्या गाडीतून तो दोन वर्षं येत होता. बाबा म्हणायचे, तिचेही सांधे धरलेत.

नवा वॉशर घालून मेस्त्रींनी तीन सुती रॅचेटनं बोल्ट आवळला. अरुंद नरसाळ्यातून तीन लिटर हळूहळू आत गेलं. मग रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवलं आणि बंद केलं. कित्येक गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून बघतात. हिच्यात बंद केल्यावर साठ सेकंदांनंतर, पण नव्वदच्या आत. बाबा शेजारच्या सीटवरून मनगटावरचं घड्याळ बघत होते. आम्ही दोघं बोललो नाही.

"आता," बाबा म्हणाले.

गेज काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. पातळी दोन खुणांच्या मधोमध. रंग कोकमाचा नव्हता, चहाचाही नव्हता. मेस्त्रींनी बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं किलोमीटरचा आकडा लिहिला आणि त्यापुढे नुसता 1.