आपला हात जगन्नाथ

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण ज्यानं काढली, त्यानं पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती नीट पाहिली नसावी. त्या मूर्तीला हाताचे पंजेच नाहीत. हे मला आठवलं तेव्हा मी सोसायटीच्या आवारात फतकल मारून बसलो होतो आणि गाडीचं मागचं चाक माझ्या मांडीवर होतं.

झालं होतं असं, की मागच्या ब्रेकचे पॅड झिजल्याचं मेस्त्रीनं सांगितलं. मजुरीचा आकडा ऐकून माझा स्वाभिमान जागा झाला. (तो बहुधा आकडे ऐकूनच जागा होतो.) “घरीच बदलतो,” मी म्हटलं.

“अहो, तुम्हाला कुकरची शिट्टी बसवता येत नाही,” ही म्हणाली.

तसं काम फार अवघड नाही. मागच्या ब्रेकसाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावायच्या. गाडी जॅकनं उचलून खाली स्टँड द्यायचा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. मग चाक काढायचं, कॅलिपरचे बोल्ट सोडवायचे, जुने पॅड काढून नवे घालायचे. पण नवे पॅड जाड. त्यांना जागा व्हावी म्हणून कॅलिपरमधला पिस्टन आत सारावा लागतो. पुढच्या चाकाचा पिस्टन दाबला की मुकाट्यानं आत जातो. आमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्याच पिस्टनवर चालतो, त्यामुळे तो स्क्रूसारखा फिरवत न्यावा लागतो. दाबून ऐकत नाही, गोल गोल फिरून समजूत घालावी लागते. घरात असा स्वभाव आणखी कुणाचा आहे, ते मी लिहिणार नाही.

तीन तासांनी दोन्ही चाकं बसली. विजयी मुद्रेनं मी गाडीत बसलो. मागं फाटकाकडे थोडा उतार आहे. हँडब्रेक सोडला, गाडी मागं सरकू लागली. तेवढ्यात क्रिकेट खेळणारं एक पोर चेंडूमागं धावत गाडीच्या पाठीशी आलं. मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला!

पिस्टन आत सारले की पॅड डिस्कपासून लांब राहतात. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल बऱ्याचदा दाबून ते कडक करून घ्यायचं असतं. मी हे वाचलं होतं, आणि विसरलो होतो. सुदैवानं विटा काढायलाही विसरलो होतो. चार बोटं सरकून गाडी विटेला टेकली.

पोरानं चेंडू उचलला. “थँक्यू काका!” म्हणालं. मी त्याच्यासाठीच थांबलो, असं त्याला वाटलं.

त्या आभारांनी मला रात्रभर झोप लागू दिली नाही. मी उपमा बिघडवला तर तो मी खातो; फार तर ही खाते. सदऱ्याला बटण वाकडं लावलं तर हसू माझंच होतं. इथं मात्र चूक माझी आणि ती फेडणार कोण, तर चेंडूमागं धावणारा. त्याला कुणी विचारलं होतं, की बाबा रे, तुझ्या जिवावर काकांनी मजुरी वाचवावी का? स्वावलंबन मोठा गुण खरा. पण स्वतःवर अवलंबून राहताना मी त्या पोरालाही माझ्यावर अवलंबून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता. बरं, मेस्त्री तरी माणूसच. त्याला विसर पडत नाही कशावरून?

सकाळी पेडल दाबून दाबून कडक केलं, मुंगीच्या पावलानं गाडी गॅरेजात नेली आणि सगळं सांगितलं. मेस्त्रीनं चाकं काढली, बोल्ट तपासले, एक चक्कर मारून आला.

“काम बरोबर आहे, साहेब.”

“म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नव्हती?”

“विश्वासाचं नाही हो. मी ब्रेकचं काम केलं की हाताखालच्या पोराला तपासायला लावतो. त्यानं केलं की मी बघतो.”

“पण तुमचा इतक्या वर्षांचा हात!”

“म्हणूनच. स्वतःच्या हाताची चूक स्वतःला दिसत नाही.”

तपासणीचे पैसे मी विचारले. वाचवलेल्या मजुरीत थोडेच कमी होते. आकडा ऐकला, मुकाट्यानं पैसे मोजले. स्वाभिमान जागा झाला नाही. रात्रभर जागून तो बिचारा नुकताच झोपला होता.