कथासारांश आणि सत्यव्रत

चित्रपटाचा कथासारांश, म्हणजे त्यातील घटनाक्रमाचे आटोपशीर निवेदन, २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशासाठी लिहिताना सत्य आणि अस्तेय, म्हणजे दुसऱ्याचे न घेणे, या दोन्ही व्रतांची कसोटी लागते. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात सालोमालो हे खलपात्र तुकोबांची रचना स्वतःच्या नावावर खपवते. त्याच चित्रपटाचा सारांश दुसऱ्याच्या लेखातून उतरवून घेणे म्हणजे सालोमालोचीच वाट धरणे होय. सत्याचा प्रश्न याहून बिकट आहे. अखेरीस गरुड येतो, तुकोबा वैकुंठाला जातात आणि त्यांची पत्नी आवली मागे राहते, हे पडद्यावर स्पष्ट दिसते. लेखकाने ते चित्रपटातील घटना म्हणून नोंदवावे, इतिहास म्हणून नव्हे, आणि भाबडेपणाचा शेराही मारू नये. आजारी मुलाच्या काळजीने देवळात धावून विठ्ठलावर पायताण उगारणारी आवली गाळली, तर भक्तीइतकाच संसाराचा आक्रोश मांडणारा हा चित्रपट सारांशात अर्धाच उरतो, आणि असे अर्धे सत्य अन्यायकारकच असते. एन. डी. स्टुडिओ या चित्रीकरणस्थळामुळे कर्जत-खालापूरचा परिसर चित्रपटसृष्टीशी जोडला गेला आहे. म्हणूनच याच परिसरातील कडाव गावच्या वाचकांनीही आवडता चित्रपट पुन्हा लक्षपूर्वक पाहावा आणि त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत ज्ञानकोशात लिहावा.