वाढणारीचं ताट

घरात आठ अंडी आहेत आणि माणसं सहा. कुणाला किती?

शाळेच्या गणितात हे उदाहरण आलं असतं तर आपण आठला सहाने भागलं असतं आणि पुढे गेलो असतो. स्वयंपाकघरात भागाकार चालत नाही. तिथे आधी ठरतं की कोण खाणार, आणि मग उरलेल्यांत भागाकार होतो. ते 'आधी ठरतं' म्हणजे नेमकं काय, कोण ठरवतं आणि ते बरोबर आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आमचं घर सोलापुरात सात रस्त्याजवळ. बाबा यंत्रमागावर काम करायचे, आता एका दुकानात बसतात. आज्जीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. दादा पोलीस भरतीची तयारी करतोय. वहिनीला आठवा महिना लागलाय. मग आई आणि मी. गेल्या वर्षभरात 'प्रोटीन' हा शब्द आमच्याकडे 'पगार' या शब्दाइतका बोलला जातो. दादाच्या मोबाइलमधून तो घरात आला आणि आता आज्जीसुद्धा 'प्रोटिंग' म्हणते. त्याला हवं असतं ते 'लीन', म्हणजे चरबी कमी आणि प्रथिनं जास्त असलेलं. अंड्यातलं पांढरं, चिकनचा छातीचा भाग, सोयाचे गोळे, पनीर नको पण ताकाची निवळ चालेल, असा हिशोब.

आठ अंड्यांचं आमच्याकडे होतं ते असं. दादाला चार, बाबांना दोन, वहिनीला एक, मला एक. दादा चारपैकी तीन अंड्यांचं पिवळं काढून ठेवतो. ते पिवळं आई तिच्या भाकरीवर कुस्करून घेते, कारण 'टाकायचं कशाला'. आज्जी घेत नाही. कुणी भांडत नाही आणि कुणाला यात अन्याय दिसत नाही. म्हणूनच मला याबद्दल लिहावंसं वाटलं.

चार न्याय

वाटपाचे साधारण चार न्याय लोक मानतात. पहिला समान वाटा. दुसरा कमाईप्रमाणे, म्हणजे जो घरात आणतो किंवा आणणार आहे त्याला जास्त. तिसरा आवडीप्रमाणे, ज्याला हवं त्याने मागावं. चौथा गरजेप्रमाणे.

दादाचा वाटा दुसऱ्या न्यायाने ठरतो, आणि तो न्याय मला हसण्यावारी नेता येत नाही. भरतीत सोळाशे मीटर पळायचं असतं, शंभर मीटर पळायचं असतं, गोळा फेकायचा असतं, आणि या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. एका गुणावर माणूस यादीबाहेर जातो. दादा लागला तर सहा माणसांचं आयुष्य बदलेल, येणाऱ्या बाळाचंही. आई म्हणते, "आत्ता त्याच्या पोटात गेलं तर उद्या सगळ्यांच्या जातंय की." हे बोलणं भाबडं नाही. गरीब घरं पिढ्यान् पिढ्या अशीच एका मुलावर पैज लावत आलीत आणि काही घरं त्यातूनच वर आली.

पण गरजेचा न्याय लावला तर चित्र बदलतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जे आकडे दिले त्यानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचावन्न किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत त्यावर आणखी 22 ग्रॅम. म्हणजे वहिनीची गरज 68 ग्रॅमच्या आसपास जाते. सत्तर किलोच्या दादाची मूळ गरज 58. व्यायामामुळे ती वाढते हे मान्य, तरी चारास एक हे प्रमाण कुठल्याच गणितात बसत नाही. आज्जीला तर सतरंजीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. म्हातारपणी स्नायू झिजतात आणि ते टिकवायला प्रथिनं लागतात. घरात सगळ्यात कमी प्रथिनं तिच्याच ताटात असतात.

मग आपण म्हणू, चला, गरजेप्रमाणे वाटा. इथे खरी अडचण सुरू होते.

"मला नाही आवडत"

आईला मी एकदा सरळ विचारलं, "तू अख्खं अंडं का घेत नाहीस?"

"मला नाही आवडत गं."

"आणि आज्जी?"

"त्यांना वास येतो."

यावर काय बोलणार? आवड ही तर माणसाची स्वतःची गोष्ट. मी तिला 'तुला आवडतं, तुला माहीत नाही' असं सांगायला गेले तर मीही तिच्यावर हुकूमच चालवतेय. आजवर इतरांनी तिच्या वतीने ठरवलं, आता मुलगी ठरवणार.

या पेचावर अमर्त्य सेन यांनी बराच विचार केलाय. त्यांनी एक जुनं सर्वेक्षण पुढे आणलं. बंगालच्या 1943 च्या दुष्काळानंतर, 1944 साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात लोकांना तब्येत विचारली गेली. जवळपास निम्म्या विधुरांनी तब्येत बरी नाही किंवा यथातथा आहे असं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या शंभरात दोन-तीन निघाल्या. विधवांना काय आणि किती खायला मिळत होतं ते त्या काळी सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या ठणठणीत होत्या असं मानायला जागा नाही. आपल्या शरीराबद्दल तक्रार करायची असते ही सवयच त्यांना नव्हती. सेन यांचं म्हणणं असं की माणूस मिळेल तेवढ्यात इच्छा आटोपशीर करून घेतो आणि मग ती आटोपलेली इच्छाच त्याची खरी इच्छा वाटायला लागते, त्याला स्वतःलासुद्धा.

मला वाटतं, आईचं 'आवडत नाही' खोटं नाही. ते खूप वर्षं वापरून खरं झालेलं आहे. मटणाच्या दिवशी माझ्या लहानपणी पीस बाबांना आणि दादाला जायचे, बायका रश्श्यावर भागवायच्या, आणि पुढे 'मला रस्साच आवडतो' हे वाक्य तयार झालं. आता तिला पीस वाढला तर ती खरोखरच तो बाजूला सारते.

मग त्यागाचं काय? आई हे प्रेमाने करते आणि प्रेमाने दिलेल्याचा हिशोब मांडणं मला आवडत नाही. फक्त एक कसोटी लावून बघावीशी वाटते. त्याग फिरता आहे का? कधी बाबांनी, कधी दादाने, कधी मी सोडलं तर ते प्रेम. दरवेळी एकाच ताटातून जात असेल तर तो घराचा नियम झाला. नियमाला प्रेमाचं नाव दिलं की त्याबद्दल प्रश्न विचारणारा कृतघ्न ठरतो.

मराठीत अन्न ताटात घालणं आणि मोठं होणं या दोन्हीला 'वाढणं' हा एकच शब्द आहे. वाढणाऱ्या बाईने इतरांना वाढवायचं, ही समजूत त्या शब्दाइतकीच जुनी असावी. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आहे, असं 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत आणि तो एकट्या प्रथिनांचा प्रश्न नाही. पण शेवटी जेवणाऱ्यांची अवस्था त्या आकड्यात नक्की आहे.

मोजता येणारं आणि न येणारं

काही दिवस घरात लक्ष ठेवल्यावर मला एक गोष्ट दिसली. जी प्रथिनं मोजता येतात ती लाडक्याकडे किंवा कमावत्याकडे सरकतात. अंडं, मटणाचा पीस, पावडरीचा चमचा. मोजता येतं म्हणून ते उचलून दुसऱ्याच्या ताटात ठेवता येतं. जी पातेल्यात मिसळलेली असतात, आमटी, पिठलं, मटकीची उसळ, ती सगळ्यांकडे जातात. तिथेही पळी ढवळून दाट कुणाला आणि वरचं पातळ कुणाला हा खेळ आहेच, पण अंड्याइतका तो सोपा नाही.

आपल्या भागाचं जुनं जेवण या बाबतीत शहाणं आहे. इथली मालदांडी ज्वारी शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम प्रथिनं देते. ज्वारीत लायसिन हा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. म्हणून भाकरी आणि पिठलं एकत्र आलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. शेंगाचटणीत प्रथिनं चांगली आहेत, मात्र शेंगदाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचं, त्यामुळे दादाच्या 'लीन'मध्ये ती नापास. सोयाच्या गोळ्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास, तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास. दादाच्या पावडरीच्या एक किलोच्या डब्याला अडीच हजारांच्या घरात पैसे जातात आणि त्यात साधारण पाऊण किलो प्रथिनं असतात. तेवढ्याच पैशांच्या तूरडाळीत त्याच्या कितीतरी पट, आणि ती सहा जणांच्या पोटात जातात. पोषण संस्थेने 2024 च्या आहारसूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असंच म्हटलंय.

तर मोजता येणारं अन्न वाईट, असा निष्कर्ष काढू का? नाही, कारण शाळेत नेमकं उलटं होतं. खिचडीत डाळ किती पडली हे मुलाला कळत नाही आणि पातेल्यात पाणी घालता येतं. उकडलेल्या अंड्यात पाणी घालता येत नाही. एका मुलाला एक अंडं म्हणजे एकच, अर्धं दिलं तर दिसतं. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा सरकारी निधी थांबला आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा असं सांगण्यात आलं. ज्या मुलीला घरी शेवटचा नंबर असतो, तिच्या नावाचं मोजून मिळणारं अंडं तिथे गेलं.

आदिवासी भागात 2015 साली सुरू झालेल्या ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायकांना गरम जेवण अंगणवाडीत शिजवून दिलं जातं. यातलं शहाणपण साधं आहे. शिधा घरी दिला तर तो घराचा होतो. समोर वाढलेलं ताट तिचं असतं. म्हणजे मोजता येणारं अन्न न्यायाचं होतं, पण त्यावर कुणाचं तरी नाव आधी लिहिलेलं असावं लागतं.

गाडीवरचं अंडं

आणखी एक वाटप घराबाहेर चालतं. आमच्या ओळखीत काही घरं शाकाहारी आहेत. त्यांच्यातली मुलं रात्री चौकाकडच्या गाडीवर उभी राहून चार उकडलेली अंडी खातात, बडीशेप चघळतात आणि घरी जातात. घरच्यांना माहीत असतं, कुणी विचारत नाही. घराचा धर्मही टिकतो आणि मुलाचं प्रोटीनही. त्यांच्या बहिणीला रात्री दहा वाजता त्या गाडीवर उभं राहता येत नाही. नियम दोघांना सारखाच, पळवाट एकालाच. त्या मुलाने अंडं सोडावं असं मी म्हणणार नाही. पण घरात मूग-मटकीची उसळ रोज दाट होण्यासाठी त्याने एक शब्द टाकावा, एवढं तर तो देणं लागतो. स्वतःची सोय झाल्यामुळे त्याने घरातला प्रश्नच सोडून दिलाय.

आणि 'लीन' या शब्दाचा गर्व करण्याआधी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आठवावं. मराठवाड्यातल्या दोन दलित समाजांच्या जेवणावरचं हे पुस्तक 2015 साली आलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या चान्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या खाल्ल्या. कोरडं, टिकाऊ, चरबी जवळपास नाही. ते खाणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं. आज तशाच वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या इंग्रजी नावाच्या पाकिटात व्यायामाचा खाऊ म्हणून विकल्या जातात. अन्नाची किंमत त्यातल्या प्रथिनांवर क्वचितच ठरते, ते कोण खातं यावर ठरते.

मग करायचं काय

जबरदस्ती नको आणि आहे तसंही नको, यामधली वाट मला एकच दिसते. निवड आईचीच राहावी, फक्त 'हो' म्हणण्याची किंमत कमी व्हावी. आज तिने एक अंडं घेतलं तर ते कुणाच्या तरी ताटातून कमी होतं, हे तिला दिसतं. म्हणून ती नको म्हणते. पातेलंच दाट असेल तर तिला कुणाचं काही घ्यावं लागत नाही.

आमच्याकडे त्या दृष्टीने दोन गोष्टी झाल्या. पावडरीचे पैसे डाळ, मटकी आणि सोयाकडे वळवायचे असं दादानेच सुचवलं, वहिनीचे आकडे बघून. भाकरीच्या पिठात थोडं सोयाचं पीठ जातं, आमटी पाणी न वाढवता होते. आणि मोजायच्या गोष्टींवर नावं घातली, वहिनीची दोन, आज्जीचं एक. आज्जी अजून अंडं खात नाही. तिच्या नावाचं म्हणून ती दाट वरण घेते, आणि ते कुणी उचलून दुसऱ्याला देत नाही. आईचं मात्र अजून ठरलेलं नाही. ती सगळ्यांना वाढून मग बसते आणि तेव्हा तिच्या ताटाकडे बघायला कुणी नसतं.

फोनमधल्या प्रोटीनच्या ॲपमध्ये वय, वजन आणि ध्येय विचारतात. घरात आणखी कोण जेवतं हा रकाना त्यात नसतो. तो आपण भरायचा. त्यासाठी नीतिशास्त्र वाचायची गरज नाही. आठवडाभर घरातलं शेवटचं ताट बघायला तिथे बसून राहिलं तरी पुरे.