चार भाषांचा बाजार

आदिलाबादच्या बाजारात एखादी आजी भाजीचा भाव तेलुगूत विचारते, बांगडीवाल्याशी उर्दूत घासाघीस करते, गोंड मैत्रिणीला गोंडीत हाक मारते आणि नातवाला रागावते मात्र मराठीत!

अशा अनेक भाषा बोलण्याचा मेंदूला फायदा होतो का? हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकभाषकांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला. निरक्षरांतसुद्धा! भाषा बदलताना मेंदू एक आवरतो, दुसरी काढतो. कदाचित तोच त्याचा व्यायाम.

स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करायला रक्तदाब, साखर, कान तपासायचेच. पण ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो’ म्हणत आजीचा बाजार बंद करू नका.