दुसरी बहीण

इजिप्तच्या देवदेवतांची ओळख करून देताना नेफ्थिसची बोळवण बहुधा दोन शब्दांत होते: इसिसची बहीण, सेथची बायको. इसिसची गोष्ट मोठी आहे. तिने नवऱ्याचा, ओसायरिसचा, देह शोधला, मुलाला लपवून वाढवले, त्याच्या हक्कासाठी ती झगडली. नेफ्थिसची स्वतःची अशी गोष्ट जवळजवळ नाहीच. तरीही इजिप्तमधल्या सर्वांत जुन्या मृत्युमंत्रांचे तिच्यावाचून पान हलत नाही.

हे मंत्र सक्कारा येथील राजा उनासच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. २३५०च्या सुमारास, प्रथम भिंतींवर कोरले गेले. त्यातल्या एका मंत्रात राजाला सांगितले आहे की नेफ्थिसबरोबर खाली उतर, रात्रीच्या नावेतून अंधारात जा. मग इसिसबरोबर दिवसाच्या नावेतून वर ये. उगवण्याचे सगळ्यांनाच कौतुक असते. पण मेलेल्या माणसाला आधी मावळावे लागते, आणि त्या वेळी त्याच्यासोबत असते ती नेफ्थिस. तिला दुय्यम मानणारे प्रवासाचा हा पहिला अर्धा भाग विसरतात.

आणखी एका मंत्रात मृताला उठून बंध झटकून टाकायला सांगितले आहे, आणि लगेच म्हटले आहे की हे बंध नव्हेतच, या नेफ्थिसच्या केसांच्या बटा आहेत. प्रेत आवळून बांधले जाते, या भयाला इतके मायेचे उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आणि ही माया कोणाच्या घरातून येते? ओसायरिसला मारणारा सेथ हा तिचा नवरा, तर मेलेला ओसायरिस तिचा भाऊ. मंत्रांत दोघी बहिणी घारी होऊन येतात, लांबवर ऐकू जाईल असा आक्रोश करत भावाला शोधतात. इसिसचे रडणे समजते. तिचे कुंकूच पुसले गेले आहे. नेफ्थिस मात्र मारणाऱ्याच्या घरची असून मेलेल्याच्या उशाशी उभी राहते. पुढच्या काळातल्या शवपेट्यांवरही तिची जागा बहुधा डोक्याकडे आणि इसिसची पायांकडे असते. घराण्याची बाजू सोडून दुःखाची बाजू घेणे, हे मला तिचे खरे कर्तृत्व वाटते. ते कथेत मावत नाही, कारण त्यात घडण्यासारखे काही नाही. फक्त तिथे असणे आहे.

मंत्रकर्त्यांनी तिला सरसकट गोड केलेले नाही, हेही नोंदवायला हवे. वास्तूच्या रक्षणासाठी म्हटलेल्या एका मंत्रात ती वाईट हेतूने आलीच, तर तिला अपुरी बाई म्हणून हिणवून परतवायचे आहे. त्याच मंत्रात इसिसलाही शिवी आहे, ओसायरिसलाही दार बंद आहे. मृत्यूजवळच्या देवांची त्यांना गरज होती आणि धास्तीही.

शोक करायला दोघी लागतात, ही समजूत मात्र पुढे दोन हजार वर्षे टिकली. इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेम्फिसला पवित्र एपिस बैल मेला, तेव्हा इसिस आणि नेफ्थिस म्हणून विलाप करायला थाउएस आणि ताउस या जुळ्या बहिणींना नेमले होते. त्यांना ठरलेली भाकरी आणि तेल मिळेना, म्हणून त्यांनी राजाकडे अर्ज केले. ते पपायरस आजही वाचता येतात.