वर्गणीची शाळा

विट्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. आडनावं गावातलीच, पत्ते मात्र दूरदूरच्या शहरांचे. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आणि गावाकडे पैसा पाठवत राहिली. त्यातून शाळेला टीव्ही आला, भिंतींना रंग लागला, मुलींचं स्वच्छतागृह झालं. शिष्यवृत्तीच्या यादीत इथली मुलं असतात. पाहून मन भरून आलं.

पण याच जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागातल्या एखाद्या वाडीवर अशी पाटी कोण लावणार? तिथले किती आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात ऊसतोडीला निघतात. पोरंही सोबत. चार-पाच महिने कोपीत काढून ती परततात तोवर वर्ग कुठल्या कुठे गेलेला असतो. आणि त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसाच्या पैशातून कृष्णाकाठची गावं आपल्या शाळा सजवतात. वर्गणी देणाऱ्यांचा यात काहीच दोष नाही. आपल्या गावावर जीव असणारच. मात्र ती माया शिवेपाशी थांबते, आणि शीव ओलांडायचं काम सरकारचं आहे.

आता सरकारचा नियम पाहा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले. अशा वाडीवरच्या शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की बाईंपुढे पाचही इयत्ता. खडूनं फळ्याचे दोन भाग करायचे, इकडे वजाबाकी, तिकडे जोडाक्षरं, आणि पहिलीची पोरं पाटीवर गिरवत बसलेली. एक जागा रिकामीच असेल तर रोजच हे.

शेजारच्या साताऱ्यात जावळीतल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात. जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची आपणहून दखल घेतली. त्यांचे गुण शहरातल्या मुलांच्या गुणांशेजारी मांडताना हात थबकायला हवा.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. गरिबाच्या पोराची हुशारी जोखण्याआधी त्याच्या ताटाची आणि अंथरुणाची सोय त्यांनी पाहिली.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरताना पहिलं नाव जतच्या वाड्यांचं आणि कोयनेपलीकडच्या गावांचं असावं. व्हरांड्यात पाटी असलेल्या शाळांनी थोडं थांबावं.